वाचकांचे प्रश्न : स्वीडनची कम्यून आणि आपण

गेल्या अंकात मी माझ्या नोकरीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. मध्य स्वीडनमधल्या एका मध्यम आकाराच्या कम्यूनमध्ये मी आवक-जावक सांभाळते. कम्यून म्हणजे इथली स्थानिक स्वराज्य संस्था. शहर असो, जंगलातली चार खेडी असोत, सगळा देश अशा २९० कम्यूनमध्ये वाटलेला आहे आणि प्रत्येक घर कोणत्या ना कोणत्या कम्यूनमध्ये येतंच. त्या चार ओळींवर स्वीडनमध्ये राहणाऱ्या वाचकांची एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं मुद्दाम गाळली आहेत.

ताई, माझ्या पगारपत्रकावर दर महिन्याला कर कापलेला दिसतो. सगळे म्हणतात ‘स्वीडनचा कर’. हा पैसा स्टॉकहोमला सरकारकडे जातो ना? मग कम्यून चालते कशावर? — एक वाचक, लिनशोपिंग

नाही हो, तो बहुतेक सगळा तुमच्या गावात आणि आसपासच्या प्रदेशातच राहतो. हे नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे.

इथला मिळकतकर मुळात स्थानिक आहे. देशाची सरासरी धरली तर करपात्र उत्पन्नाच्या साधारण ३२ टक्के. त्यातले २० टक्क्यांहून थोडे जास्त कम्यूनला आणि ११-१२ टक्के रीजनला जातात. (रीजन म्हणजे दवाखाने आणि बसगाड्या पाहणारी मोठ्या प्रदेशाची संस्था; अशा २१ आहेत.) केंद्र सरकारचा २० टक्के मिळकतकर लागतो तो फक्त एका मर्यादेच्या वरच्या उत्पन्नावर. बऱ्याच नोकरदारांना तो लागतच नाही.

दर कोण ठरवतं? तुमच्या कम्यूनमधली निवडून आलेली माणसं. दर वर्षी अंदाजपत्रकाबरोबर ती तो ठरवतात. म्हणून गाव बदललं की कर बदलतो. स्टॉकहोमच्या ईशान्येला असलेल्या ओस्तेरओकरमध्ये कम्यून आणि रीजन मिळून दर २९ च्या आसपास असतो, तर उत्तरेकडच्या डोरोतेआमध्ये तो ३५ च्या वर गेलेला आहे. गोळा करतं ते स्कात्तेवेर्केत, म्हणजे कर खातं. पण ते फक्त वसुली करून दर महिन्याला कम्यूनचा वाटा तिच्या खात्यात टाकतं. हिशेबाचा फरक मागाहून मिटवला जातो.

आता एक तारीख लक्षात ठेवा: १ नोव्हेंबर. त्या दिवशी तुमचा नोंदणीचा पत्ता ज्या कम्यूनमध्ये असेल, पुढच्या वर्षभराचा कर त्या कम्यूनच्या दराने. तुम्ही डिसेंबरात दुसरीकडे राहायला गेलात तरी काही बदलत नाही. सरकारी अनुदानाचं गणितही त्याच दिवसाच्या लोकसंख्येवर चालतं. त्यामुळे आमच्या हिशेब विभागात नोव्हेंबरच्या सुरुवातीला परीक्षेच्या निकालासारखं वातावरण असतं. माणसं शंभरने वाढली की कमी झाली, यावर पुढच्या वर्षी शाळेत एक मदतनीस राहणार की जाणार हे ठरतं.

तुमच्या कागदावर ३२ टक्क्यांपेक्षा कमी कर दिसत असेल, तर त्याचं कारण नोकरदारांना मिळणारी सूट. २००७ पासून ही सूट आहे. ती सरकार स्वतःच्या खिशातून देतं, कम्यूनचा वाटा त्याने कमी होत नाही. कर हा कम्यूनच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा भाग. त्याखालोखाल सरकारी अनुदानं, आणि मग फी, भाडी वगैरे. फीच्या बाबतीत नियम आहे की सेवेला येतो त्याहून जास्त खर्च लोकांकडून काढायचा नाही. नळपाणी आणि सांडपाण्याच्या बिलातून कम्यूनने कमाई करायची नाही. पाळणाघर-बालवाडीची फी तर २००२ पासून कमाल मर्यादेतच आहे: घराच्या उत्पन्नाच्या पहिल्या मुलासाठी जास्तीत जास्त ३ टक्के, दुसऱ्यासाठी २, तिसऱ्यासाठी १, आणि त्यावरही क्रोनर या इथल्या चलनात एक कमाल रक्कम.

जातो कुठे हा पैसा? सगळ्यात मोठा घास बालवाडी आणि शाळांचा, त्यानंतर म्हाताऱ्या माणसांची काळजी आणि अपंगांची मदत. रस्ते, बर्फ काढणं, वाचनालय, अग्निशमन, बांधकाम परवाने हे सगळं उरलेल्यातून. बर्फ काढायला उशीर झाला की लोक फोनवर म्हणतात, ‘एवढा कर भरतो आम्ही!’ मला तेव्हा सांगावंसं वाटतं की तुमचा कर या क्षणी शेजारच्या इमारतीतल्या आजींना आंघोळ घालतोय.

आम्ही स्टॉकहोमजवळच्या तेबीत राहतो. आमच्या कम्यूनने गोळा केलेल्या करातला मोठा हिस्सा दुसऱ्या कम्यूनना द्यावा लागतो, असं शेजारी म्हणाले. हा कुठला न्याय? — एक वाचक

शेजारी खरं बोलले. या व्यवस्थेला विरोधक ‘रॉबिन हूड कर’ म्हणतात. मी मात्र तिच्या बाजूची आहे, आणि का ते सांगते.

आधी ती चालते कशी ते बघा. प्रत्येक कम्यूनमधलं दरडोई करपात्र उत्पन्न मोजतात आणि देशाच्या सरासरीशी ताडून पाहतात. सरकार सगळ्या कम्यूनना सरासरीच्या ११५ टक्क्यांची हमी देतं. ज्या त्याखाली असतात त्यांना फरकाचा मोठा भाग मिळतो, ज्या वर असतात त्या भरतात. ११५ टक्के ही रेघ बरीच वर आहे, म्हणून भरणाऱ्या थोड्याच: दान्देरीद, लीदिंगो, तुमची तेबी आणि अशा काही. बाकी बहुसंख्य घेणाऱ्या. याशिवाय खर्चाचाही वेगळा हिशेब असतो. जिथे मुलं जास्त, म्हातारी माणसं जास्त, किंवा घरं लांबलांब विखुरलेली, तिथे तीच सेवा महाग पडते. त्याची भरपाई कम्यून एकमेकींत करतात.

कायदा शाळेचा, म्हातारपणच्या मदतीचा, अपंगांच्या हक्कांचा दर्जा सगळीकडे सारखाच मागतो. डोरोतेआला कुणी ‘तुम्ही गरीब आहात, तुमच्याकडे सहावीपर्यंतच शाळा चालवा’ असं म्हणत नाही. आणि त्या डोरोतेआमध्ये, तिथल्या लोकांच्या ३५ टक्के करावर शिकलेली मुलगी बावीस-तेविसाव्या वर्षी स्टॉकहोमकडे येते, चांगल्या पगाराला लागते आणि कर तुमच्या तेबीत भरते. तिला वाढवण्याचा खर्च एकीकडे, तिची मिळकत दुसरीकडे. तेबीतून जातो तो पैसा मला त्या खर्चाची परतफेड वाटतो. ‘स्थानिक कर दुसऱ्या गावाला देणं राज्यघटनेत बसतं का’ हा वाद बरीच वर्षं चालला होता. २०११ च्या घटनादुरुस्तीने तो मिटवला. सगळ्यांची आर्थिक स्थिती सारखी करण्यासाठी गरज असेल तर कम्यूनला दुसऱ्यांच्या खर्चात वाटा उचलायला लावता येतो, असं आता घटनेतच लिहिलं आहे.

आमच्या मराठी मंडळाला सभागृह हवं होतं. थेट महापौरांना भेटावं म्हणून कम्यूनच्या कचेरीत गेलो, तर स्वागतकक्षातल्या मुलीला काही कळेना. इथे सर्वात वर कोण असतं? — एक वाचक, वेस्तेरोस

तुम्हाला हवी असलेली खुर्चीच इथे नाही, म्हणून तिला कळलं नाही. महापौर या शब्दाला जवळचं एक पद पूर्वी शहरांत होतं, पण ते नगर-न्यायालयाच्या प्रमुखाचं. १९७१ मध्ये न्यायालयांची फेररचना झाली तेव्हा ते गेलं.

सगळ्यात वर एक माणूस नसतो, एक सभा असते: फुलमेक्तिगे. तिला आपण सर्वसाधारण सभा म्हणू. लोक दर चार वर्षांनी तिला निवडतात. छोट्या कम्यूनमध्येही तिच्यात किमान २१ माणसं असावी लागतात, स्टॉकहोममध्ये १०१ आहेत. कराचा दर, अंदाजपत्रक, मोठी धोरणं फक्त हीच सभा ठरवू शकते. ती एक कार्यकारी मंडळ निवडते, कम्यूनस्तिरेल्से. शिवाय समित्या असतात: शाळांची, समाजकल्याणाची, बांधकामाची, क्रीडा-संस्कृतीची. किती आणि कोणत्या हे कम्यून स्वतः ठरवते. निवडणूक समिती मात्र असावीच लागते, आणि पालकत्वावर देखरेख करणारी समिती किंवा तेच काम पाहणारी एक व्यक्तीही.

देशाच्या सरकारात आणि इथे एक मोठा फरक आहे. मंडळात आणि समित्यांत फक्त जिंकलेले पक्ष बसत नाहीत. सभेत ज्याचं जितकं बळ तितक्या जागा, त्यामुळे विरोधकही त्याच टेबलाला असतात, तेच कागद वाचतात, तीच कॉफी पितात. प्रस्तावाला विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवून घेतात.

यातली बहुतेक माणसं पगारी राजकारणी नाहीत. दिवसा कुणी नर्स, कुणी बसचालक, कुणी शेतकरी. सभेसाठी मालकाला त्यांना रजा द्यावीच लागते. पूर्णवेळ पगार मोजक्यांना, प्रामुख्याने कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांना. वर्तमानपत्रवाले ज्यांना ‘गावचे प्रमुख’ म्हणून फोन करतात ते हेच अध्यक्ष. स्टॉकहोममध्ये या पदाला फिनान्सबोर्यारोद म्हणतात. नोकरवर्गाच्या वर असतो कम्यूनडायरेक्टर, आपल्या ओळखीच्या शब्दांत मुख्याधिकारी. तो निवडून येत नाही, नेमलेला असतो.

तुमच्या सभागृहासाठी मात्र यांतल्या कोणाचीच गरज नाही. क्रीडा-संस्कृती विभागाच्या आरक्षणाच्या पानावर मंडळाची नोंद करा. नोंदणीकृत संस्थांना बहुतेक ठिकाणी कमी दर लागतो. आणि एक सांगते, रागावू नका. ‘मोठ्या साहेबांना भेटलं की काम होतं’ ही सवय इथे उलटी पडते. कम्यूनने सगळ्या सदस्यांना सारखं वागवलं पाहिजे हे कायद्यात लिहिलं आहे. अध्यक्षांनी मध्ये पडून तुम्हाला हॉल दिला, तर अडचणीत तेच येतील.

माझं नागरिकत्व भारताचंच आहे. इथे येऊन साडेचार वर्षं झाली. मला मतदान करता येतं असं कुणी सांगितलं, खरं वाटत नाही. — एक वाचक, ल्युंद

खरं आहे. देशाच्या संसदेसाठी नाही, पण कम्यून आणि रीजनसाठी हो. अठरा वर्षं पूर्ण आणि निवडणुकीच्या दिवशी इथे सलग तीन वर्षांची नोंदणी असली की झालं. युरोपीय संघाच्या, नॉर्वेच्या आणि आइसलंडच्या नागरिकांना तीन वर्षं थांबावं लागत नाही. हा हक्क १९७६ च्या निवडणुकीपासून आहे. मत देता येतं तसं उभंही राहता येतं. भारतीय पासपोर्ट खिशात असताना तुम्ही फुलमेक्तिगेत निवडून येऊ शकता.

निवडणूक सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी. मागची ११ सप्टेंबर २०२२ ला झाली, त्या हिशेबाने पुढची १३ सप्टेंबर २०२६. अर्ज करायचा नाही, मतदारकार्ड टपालाने घरी येतं. रंग लक्षात ठेवा: पिवळी मतपत्रिका संसदेची, निळी रीजनची, पांढरी कम्यूनची. तुम्हाला निळी आणि पांढरी. त्या रविवारी गावात नसाल तर १८ दिवस आधीपासून मत टाकता येतं, बऱ्याच ठिकाणी वाचनालयातच.

परदेशी नागरिकांचं मतदान स्वीडिश नागरिकांपेक्षा बरंच कमी होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हा हक्क इथल्या लोकांनाही सहज मिळालेला नाही. १८६२ मध्ये कम्यूनची व्यवस्था चर्चच्या पॅरिशपासून वेगळी झाली, तेव्हा मतांची संख्या मालमत्ता आणि मिळकतीवर ठरत असे. जितका श्रीमंत तितकी जास्त मतं, कंपन्यांनाही मतं. १८७१ मध्ये ग्रामीण भागातल्या ५४ कम्यून अशा होत्या जिथे एकाच मतदाराकडे निम्म्याहून जास्त मतं होती. एकटा बसून गावाचा कारभार ठरवायचा! त्याच नियमाने, स्वतःची करपात्र मिळकत असलेल्या विधवा आणि अविवाहित स्त्रियांना मात्र तेव्हापासून स्थानिक मत होतं. हा पैशाचा तराजू १९१८ च्या निर्णयाने मोडला. आज तुमच्या हातात येणारी पांढरी मतपत्रिका वजनाला अध्यक्षांच्या मतपत्रिकेएवढीच आहे.

बालवाडीच्या जागेबद्दल कम्यूनला एक कडक ई-मेल लिहिला. आता मैत्रीण म्हणते की तो ई-मेल कोणीही वाचू शकतो. मला घाबरायला झालंय. — एक वाचक, गोथेनबर्ग

हा माझ्या टेबलावरचा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगते.

सकाळी आठला मी टपाल उघडते. प्रत्येक कागदावर ‘आलं’ असा शिक्का आणि त्यात तारीख. मग नोंदवहीत, हल्ली ती संगणकात असते, क्रमांक, कुणाकडून, कशाबद्दल. ई-मेललाही तेच. बिल्डरचा चाळीस पानी अर्ज असो की पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, शिक्का एकच. नऊच्या सुमारास स्थानिक वर्तमानपत्राची बातमीदार त्या दिवसाची यादी मागते. ती द्यायचीच. यादीतला कागद बघायला मागितला तर तोही द्यायचा, आणि विनाकारण दिरंगाई न करता. ‘तुम्ही कोण’, ‘कशासाठी हवा’ हे मी विचारायचं नाही, सहसा तसा अधिकारच मला नाही. तिथल्या तिथे वाचायला पैसे पडत नाहीत, प्रती हव्या असतील तर कम्यून शुल्क लावू शकते. हा नियम १७६६ च्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यातून आला आहे. म्हणजे कम्यूनच्या आजच्या रचनेपेक्षा तो जवळजवळ शंभर वर्षांनी जुना.

सगळंच उघडं नसतं, हेही सांगते. समाजकल्याण विभागातली कुटुंबांची प्रकरणं, शाळेतल्या नर्सच्या नोंदी, आजारपण यांना गोपनीयतेचं कुलूप आहे आणि ते आम्ही फार काळजीने जपतो. कागद देण्याआधी प्रत्येक वेळी तपासणी होते. तुमच्या ई-मेलमध्ये मुलाच्या तब्येतीबद्दल काही असेल तर तो भाग झाकला जाण्याची बरीच शक्यता. पण ‘तुमचं नियोजन गलथान आहे’ हे वाक्य उघडंच राहील. राहू दे. ते वाचून कुणी तुम्हाला त्रास देणार नाही. उलट तक्रार नोंदली गेली याचा तो पुरावा आहे.

मी या कामाकडे वळले ते अशाच एका बालवाडीमुळे. २०११ साली आम्ही दुसऱ्या एका कम्यूनमध्ये राहत होतो. मुलगा दीड वर्षाचा. जागा मागितल्यापासून चार महिन्यांत ती द्यायची असा कायदा आहे, आणि त्यांनी दिलीही, पण गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस, बाबागाडी, जानेवारीतला घसरडा बर्फ. आमच्या मागून अर्ज केलेल्या ओळखीच्या घरातल्या मुलीला मात्र कोपऱ्यावरच्या बालवाडीत जागा मिळाली होती. मी महिनाभर मनात कुढत बसले. आपण परके म्हणून असं, हेच डोक्यात. शेवटी शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने सांगितलं, ‘रडू नकोस, कागद माग.’

मी गेले. मोडक्या स्वीडिशमध्ये माझाच अर्ज आणि जागावाटपाचे नियम मागितले. काउंटरवरच्या माणसाने काही न विचारता दहा मिनिटांत ते आणून दिले. नियमांत लिहिलं होतं की अर्जाची तारीख पाहून क्रम लागतो. माझा अर्ज १४ मार्चचा. त्यांच्या नोंदीत १४ एप्रिल. कुणाचं तरी बोट चुकलं होतं, एवढंच. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी तारीख दुरुस्त केली, दोन महिन्यांनी कोपऱ्यावरच्या बालवाडीत जागा रिकामी झाली आणि ती आम्हाला मिळाली.

त्या महिन्यात मी ज्यांना मनातल्या मनात दोष दिला, त्यांना माझं आडनावही वाचता येत नसेल. आजही शिक्का मारताना मी तारखेचं चाक दोनदा बघते. तुम्हीही तसंच करा: राग ई-मेलमध्ये लिहिलात, ठीक आहे. आता दुसरा ई-मेल लिहा, दोन ओळींचा. माझा अर्ज, त्याची नोंदलेली तारीख आणि वाटपाचे नियम पाठवा.

आरोग्यकेंद्रात तीन आठवडे वेळ मिळाली नाही. कम्यूनकडे तक्रार केली, त्यांनी हात वर केले. — एक वाचक, ओरेब्रू

हात वर केले नाहीत, ते काम त्यांचं नव्हतं. दवाखाने आणि डॉक्टर रीजनकडे. घरी येऊन जेवण-औषधाला मदत करणारी माणसं, वृद्धाश्रम हे कम्यूनकडे. शाळा कम्यूनकडे, बस रीजनकडे. फक्त गोतलांद बेटावर दोन्ही कामं एकच संस्था करते. तक्रार रीजनच्या रुग्ण-समितीकडे पाठवा.

कम्यूनने आमच्या गल्लीजवळची जमीन एका उद्योगाला दिली. आम्हाला ते बेकायदा वाटतं. कोर्टात जायला वकील लागेल का? — एक वाचक, नोरशोपिंग

वकील लागत नाही, तारीख लागते. कम्यूनच्या निर्णयाची कायदेशीरता तपासून घ्यायचा हक्क प्रत्येक सदस्याला आहे. सदस्य म्हणजे जो तिथे नोंदलेला आहे, तिथे ज्याची स्थावर मालमत्ता आहे किंवा जो तिथे कर भरतो. नागरिकत्वाचा संबंध नाही. इतिवृत्त मंजूर झाल्याची सूचना कम्यूनच्या सूचनाफलकावर लागते. हा फलक २०१८ पासून वेबसाइटवर असतो. त्या दिवसापासून तीन आठवडे. बाविसाव्या दिवशी अर्ज केलात तर कितीही खरी बाजू असली तरी उपयोग नाही.

न्यायालय काय करू शकतं हेही समजून घ्या. निर्णय रद्द करू शकतं, बदलून देऊ शकत नाही. पाहतं एवढंच: पद्धत चुकली का, हा विषय कम्यूनच्या अखत्यारीतला होता का, योग्य मंडळाने निर्णय घेतला का, कायद्याविरुद्ध आहे का. ‘निर्णय शहाणपणाचा नाही’ हा मुद्दा तिथे चालत नाही, त्यासाठी निवडणूक आहे. एखाद्या एकट्या कंपनीला खास कारणाशिवाय मदत करायला कम्यूनला मनाई आहे. जमीन बाजारभावाखाली दिली असेल तर तुमचा अर्ज उभा राहू शकतो. आधी किमतीचा मूल्यांकन-अहवाल मागा. कोणाकडे मागायचा ते आता तुम्हाला माहीत आहे.

आम्ही उमेओला राहतो. आसपासच्या कम्यून इतक्या लहान का? एकत्र का करत नाहीत? — एक वाचक

केल्या होत्या की. १९३० च्या दशकात जवळपास २५०० कम्यून होत्या. १९५२ मध्ये त्या १०३७ झाल्या आणि १९७४ पर्यंत २७८. शाळा नऊ वर्षांची झाली, म्हातारी माणसं वाढली, त्यासाठी मोठा हात हवा होता. मागाहून काही ठिकाणी लोकांनी फारकत घेतली. शेवटची २००३ मध्ये क्नीव्स्ता, उप्साला कम्यूनमधून. तेव्हापासून २९०.

लहान-मोठेपण मात्र अजून थक्क करणारं आहे. तुमच्या जवळच्या बियुरहोल्ममध्ये जेमतेम अडीच हजार माणसं. उत्तरेकडच्या किरूनाचा विस्तार वीस हजार चौरस किलोमीटर, स्टॉकहोमजवळच्या सुंदबीबेरीचा नऊ! आणि त्या नऊमध्ये किरूनाच्या दुपटीहून जास्त लोक. काम मात्र सगळ्यांना सारखंच. त्यामुळे लहान कम्यून अग्निशमन एकत्र चालवतात, एखाद्या पदावर तिघी मिळून माणूस ठेवतात. कर्ज घेताना १९८६ मध्ये ओरेब्रूत सुरू झालेल्या कम्यूनइन्वेस्त या सहकारी संस्थेकडे जातात. तिथे सगळे सदस्य एकमेकांना जामीन असतात, म्हणून लहान कम्यूनलाही मोठ्या शहरासारखं स्वस्त कर्ज मिळतं. कम्यूनच्या वर्षाच्या हिशेबात तोटा आला तर तो तीन वर्षांत भरून काढायचा असतो.

आणि लहान म्हणून अधिकार कमी नाहीत. कुठल्या जमिनीवर काय उभं राहील याचा आराखडा फक्त कम्यूनच करू शकते. किरूनात सरकारी मालकीच्या एलकेएबी खाण कंपनीमुळे जमीन खचायला लागली आणि गावाचं केंद्रच तीन किलोमीटर पूर्वेला हलवावं लागलं. कंपनी पैसे भरते. पण नवा चौक, नवी घरं कुठे याचे आराखडे त्या बावीस-तेवीस हजार लोकांच्या कम्यूनने केले आणि तिच्याच सभेने ते मंजूर केले.

कम्यूनचा कारभार एकदा प्रत्यक्ष बघायचा असेल तर? भाषा अजून कच्ची आहे. — एक वाचक, आमच्याच गावातून

या ना! सर्वसाधारण सभा सगळ्यांना खुली असते. आमच्याकडे महिन्यातल्या एका सोमवारी, सूचनाफलकावर तारीख मिळेल. भाषेची भीती नको, तेच शब्द परत परत येतात. सभेचे अध्यक्ष विचारतात, ‘असं ठरवायचं का?’ सभागृह म्हणतं ‘या’, म्हणजे हो. लाकडी हातोडी एकदा वाजते, झालं. कुणी मतदान मागितलं तर मात्र एकेकाचं नाव घेऊन मत नोंदतात.

आमच्या कम्यूनमध्ये रहिवाशांना स्वतःचा प्रस्ताव सभेपुढे मांडता येतो. २००२ पासून कायद्याने कम्यूनना ही पद्धत ठेवता येते, पण सगळ्यांनी ती ठेवलेली नाही. वयाची अट नाही. मघाशी पेन्सिलीची चिठ्ठी म्हटलं ती अशीच आली होती, तिसरीतल्या मुलीची. शाळा आणि बसथांब्यामधल्या झाडीतून जाणाऱ्या वाटेवर डिसेंबरात दुपारी तीनलाच अंधार होतो, तिथे दिवा लावा. खाली वाटेचं चित्र, आणि दिवा हवा तिथे पिवळं वर्तुळ. मी शिक्का चित्रावर पडणार नाही असा कोपऱ्यात मारला. प्रस्ताव तांत्रिक समितीकडे गेला, अभियंत्याने वाट मोजली, खर्चाचा आकडा आला. समितीने तो मंजूर केला त्या सभेला ती मुलगी आईबरोबर गॅलरीत होती. दिवे दोन लागले, कारण एकाचा उजेड वळणापर्यंत पोचत नव्हता.

पुढच्या सोमवारी याल तर स्वागतकक्षात माझं नाव सांगा. गॅलरीत शेजारी बसून कुठला विषय चाललाय ते मी हळूच सांगेन.